सात लाखांची ठेव, गृहकर्ज आणि फ्लॉरेन्सचे सहा दिवस

कोल्हापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय 54, माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतात, हातात 82 हजार पगार येतो. यजमानांचं उद्यमनगरात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. त्यातून महिन्याला तीस-पस्तीस हजार सुटतात, पावसाळ्यात कमी. मे महिन्यात 7 लाखांच्या मुदत ठेवीची मुदत संपते. गृहकर्ज 5 लाख 20 हजार बाकी, व्याज साडेआठ टक्के, हप्ता 14,200. मुलगी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला, तिच्या लग्नासाठी म्युच्युअल फंडात 9 लाख. बचत खात्यात दीड लाख. घरात 81 वर्षांच्या सासूबाई, आरोग्य विमा नसलेल्या.

ताईंना इटलीतल्या फ्लॉरेन्सला जायचं आहे. वीस वर्षं मुलांना ‘युरोपातील प्रबोधन’ शिकवलं, ते गाव एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. यजमान म्हणतात, आधी कर्ज फेडा. टूरवाल्यांनी सहा देश, 12 दिवस, माणशी 2 लाख 85 हजार आणि वर ‘आधी फिरा, मग भरा’ असं 24 हप्त्यांचं पत्रक दिलंय. मुलगी म्हणते, माझ्या फंडातले काढ, मला घाई नाही. ताई विचारतात, यातलं काय करू?

ताई, आधी यजमानांचं म्हणणं घेऊ, कारण गणितात ते बरोबर आहेत. ठेवीवर सात टक्के मिळतात, त्यावर कर गेला की हातात साडेपाच उरतात. कर्जावर तुम्ही साडेआठ भरता. म्हणजे ठेव पुन्हा ठेवून हप्ता भरत राहणं हा तोट्याचा धंदा आहे. मेमध्ये ती आपोआप नूतनीकरणाला जाऊ देऊ नका, बँकेत आधीच तसं लिहून द्या. आजच्या हप्त्याने कर्ज आणखी साधारण 43 महिने चालेल आणि व्याजापोटी 84 हजारांच्या आसपास जातील. सगळं कर्ज एकदम फेडलंत तर हे 84 हजार वाचतात आणि 1 लाख 80 हजार हातात उरतात. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकेला लावता येत नाही, त्यामुळे ती धास्ती नको.

यजमानांच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, तो त्यांनी मांडलेला नाही, मी मांडतो. कर्ज संपलं की 14,200 रुपये दर महिन्याला मोकळे होतात. ते न मोडता साठवले तर 23 महिन्यांत सव्वातीन लाख होतात, म्हणजे फ्लॉरेन्सचा खर्च, कर्जाशिवाय. कागदावर हाच सर्वांत चांगला पर्याय. मग मी तो का सुचवत नाही, ते पुढे सांगतो.

टूरवाल्यांचं पत्रक मी नीट वाचलं. दोघांचे 5 लाख 70 हजार. ‘नो-कॉस्ट’ हप्ता म्हणजे रोखीत मिळणारी सूट सोडून द्यायची, प्रोसेसिंग फी भरायची आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्या माथी. पण मला त्याहून खटकलं ते आठव्या दिवसाचं वर्णन: सकाळी पिसा, दुपारी फ्लॉरेन्सची ‘ओरिएंटेशन टूर’, मुक्काम भलत्याच गावी. टूरवाल्यांच्या भाषेत ओरिएंटेशन म्हणजे इमारती बाहेरून दाखवणं. उफिझी या चित्रसंग्रहालयात जाणं नाही, अकादेमिया संग्रहालयातला मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा मूळ पुतळा नाही. चौकात उभी असलेली 1910 सालची प्रतिकृती बघून बसमध्ये चढायचं. ज्या गावासाठी तुम्ही पैसे काढताय त्याला चार तास, आणि उरलेले पाच देश बोनस. हे पत्रक कपाटात ठेवा, किंवा नकोच ठेवायला.

आता मुलीचा फंड. तिने मनापासून सांगितलं असेल, तरी नको. आणि हे सांगायला फ्लॉरेन्सइतकं चांगलं गाव नाही. 1425 साली फ्लॉरेन्सच्या सरकारने ‘मोंते देल्ले दोती’ नावाचा हुंड्याचा फंड काढला. बापाने लहान मुलीच्या नावाने रक्कम ठेवायची, काही वर्षांनी लग्नाच्या वेळी ती वाढून मिळणार. आपल्याकडच्या मुलींच्या बचत योजनांची खापरपणजीच म्हणा. लोकांनी भरभरून पैसे ठेवले. पण सरकारने हा फंड काढला होता लढायांमुळे झालेलं कर्ज भागवायला. मुलींचा पैसा तिकडे वळत गेला, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीला लग्न झालेल्या जावयांच्या हातात पूर्ण रोख पडेना, काही भाग आता, काही पुढे, असं सुरू झालं. ‘नंतर भरून टाकू’ म्हणून काढलेल्या पैशाचं हेच होतं. तुमच्या मुलीचं लग्न दोन-तीन वर्षांत ठरू शकतं. त्या 9 लाखांना हात लावायचा नाही, उलट लग्न जवळ आलं की त्यातला शेअर बाजाराशी जोडलेला भाग टप्प्याटप्प्याने कमी करायचा. ते वेगळं पत्र होईल.

उसनवारीचा दुसरा धडाही त्याच गावाचा आहे. बार्दी आणि पेरुत्झी या तिथल्या बड्या पेढ्यांनी इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला लढाईसाठी भरमसाट कर्ज दिलं, राजाने हात वर केले आणि 1340 च्या दशकात दोन्ही पेढ्या बुडाल्या. ताई वर्गात हे शिकवत असतीलच, मी कशाला सांगतोय!

आता मी ‘दोन वर्षं थांबा’ का म्हणत नाही. एक, 14,200 रुपये मोकळे झाले तरी ते साठत नाहीत, हे मी गेली अठरा वर्षं बघतोय. सासूबाईंचं दवाखान्याचं, मुलीच्या लग्नाचं, दुकानात नवीन मशीन, काही ना काही त्या जागी येऊन बसतं. दोन, तिथल्या मुख्य चर्चवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट चढायचा असेल तर 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तुमच्या पत्रात गुडघ्याचा उल्लेख दोनदा आलाय. तीन, युरो आपल्यासाठी थांबत नाही. हे तिसरं कारण सर्वांत कच्चं आहे, हेही सांगतो. चलनाच्या भीतीने कोणी सहल ठरवू नये.

म्हणून मधला मार्ग. एकच गाव, सहा रात्री. हिशेबाला मी युरो 105 रुपये धरलाय. दोघांचं मुंबईहून येण्या-जाण्याचं विमान 1 लाख 20 हजार, कोल्हापूर-मुंबई पाच हजार. व्हिसाची फी मोठ्या माणसाला 90 युरो, अर्ज केंद्राचा आकार धरून दोघांचे 23 हजार. अर्ज नामंजूर झाला तरी ही फी परत मिळत नाही. किमान 30 हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा, त्याचे तीन हजार. हॉटेल रात्रीचे 100 युरो म्हणजे 63 हजार. वर शहराचा मुक्काम कर, तो बुकिंगच्या आकड्यात बहुधा नसतो, हॉटेल सोडताना काउंटरवर मागतात. माणशी रात्रीचे 6 युरो धरून साडेसात हजार. रोमला उतरून वेगवान गाडीने दीड तासात फ्लॉरेन्स, आधी काढलं तर तिकीट स्वस्त, जाऊन-येऊन साडेबारा हजार. जेवण दिवसाला दोघांत 50 युरो, सात दिवसांचे 37 हजार. उफिझी, अकादेमिया आणि घुमट यांचे 17 हजार. किरकोळ दहा-अकरा हजार. बेरीज 2 लाख 98 हजारांच्या आसपास येते. त्यावर साधारण दहा टक्के हाताशी, म्हणजे सव्वातीन लाख. याच्या वर एक रुपया नाही.

हॉटेलचे 100 युरो मे महिन्यात पुरणार नाहीत. तुम्हाला दिवाळीची सुट्टी असते, तीच धरा. भाऊबीज उरकून निघा. नोव्हेंबरात तिथे पाऊस असतो, थंडीही असते, पण गर्दी ओसरलेली आणि खोल्या स्वस्त. फक्त सोमवारचा दिवस बाहेर भटकायला ठेवा, उफिझी आणि अकादेमिया दोन्ही बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. रांग बघून ठरवा.

कोल्हापूरकरांना एक ठिकाण मी सांगायला नको, पण सांगतो, कारण ते फुकट आहे आणि कुठल्याच टूरमध्ये नसतं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, अवघे 20 वर्षांचे. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. आर्नो नदीला मुन्योने मिळते त्या संगमावर त्यांचं दहन झालं, आणि 1874 साली तिथे छत्रीसारखं स्मारक उभं राहिलं, आत महाराजांचा अर्धपुतळा. जवळच्या पुलाचं नावच ‘पोंते आल्लिंदियानो’, भारतीयाचा पूल. काशीने नावाच्या मोठ्या बागेच्या पार पश्चिम टोकाला जावं लागतं, ट्रॅमने बागेपाशी उतरून पुढे बरंच चालणं. एक अख्खी सकाळ त्यालाच द्या.

पैसे नेण्याबद्दल. रोकड तीनेकशे युरो पुरे, बाकी फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड), आणि क्रेडिट कार्ड फक्त अडीअडचणीला. बहुतेक क्रेडिट कार्डं परदेशी व्यवहारावर दोन ते साडेतीन टक्के जादा लावतात. कार्डात युरो एकदम न भरता दोन-तीन वेळा मिळून भरा. परदेशी पैसे पाठवण्यावर वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस (पैसे देतानाच आगाऊ वसूल होणारा कर) लागत नाही, तुमचा आकडा त्याच्या खूप आत आहे. टूरचं पॅकेज घेतलं असतं तर पहिल्या रुपयापासून टीसीएस कापला असता. तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर तुमचा पैसा अडकतो. सुटं तिकीट आणि सुटं हॉटेल याला पॅकेज म्हणत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मीच तिथे फसलो ते सांगतो. सान लोरेंझोच्या बाजारात 48 युरोचा पट्टा घेतला. दुकानदाराने मशीन माझ्यापुढे धरलं. पडद्यावर दोन चौकोन, एकात युरो, एकात रुपये. रुपये दिसले की आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं, मी तेच दाबलं. संध्याकाळी हिशेब केला तर मशीनवाल्या कंपनीने स्वतःचा भाव लावून पाचेक टक्के काढून घेतले होते. लोकांना सल्ले देऊन पोट भरणाऱ्या माणसाची ही गत! तुम्ही कायम युरो दाबा, एटीएमवरसुद्धा.

जेवताना मेन्यूवर ‘कोपेर्तो’ शब्द शोधा, तो माणशी बसायचा आकार. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली की स्वस्त, टेबलावर बसलात की तीच महाग. तिथली प्रसिद्ध ‘बिस्तेक्का’ वजनावर विकतात, भाव 100 ग्रॅमचा लिहिलेला असू शकतो आणि तुकडा किलोभराचा येतो. यजमान मांसाहारी आहेत म्हणून सांगतोय. तुमच्यासाठी ‘रिबोल्लिता’ म्हणजे पाव-भाजी-बीन्सचं दाट सूप उत्तम, शाकाहारी ना एवढं विचारून घ्या. तिथला पाव अळणी असतो, बिघडलेला नसतो. गाडी भाड्याने घेऊ नका, जुन्या गावात परवान्याशिवाय शिरलं की कॅमेरा टिपतो आणि दंडाची नोटीस घरपोच येते. रस्त्यावरच्या नकली ब्रँडेड पर्स तर नकोतच. इटलीत विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही दंड होतो.

तर 7 लाखांची वाटणी अशी करा. दीड लाख अडीअडचणीच्या पैशात घाला, म्हणजे तिथे 3 लाख होतील. सासूबाईंना खासगी विमा मिळणं आता कठीण आहे, तेव्हा हाच त्यांचा विमा. सव्वादोन लाख कर्जात भरा आणि बँकेला लेखी सांगा की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. काही सांगितलं नाही तर हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवण्याचा धोका असतो. एवढ्याने कर्ज 43 ऐवजी 23 महिन्यांत संपतं आणि व्याजाचे सुमारे 59 हजार वाचतात. उरलेले सव्वातीन लाख फ्लॉरेन्सला. पूर्ण कर्ज फेडलं असतं तर 84 हजार वाचले असते, म्हणजे या सहलीसाठी व्याजाचे 25 हजार तुम्ही वरून मोजताय. ते मोजण्यासारखे आहेत असं माझं मत, पण हा आकडा यजमानांपुढे ठेवा, लपवू नका.

क्रम महत्त्वाचा आहे. मेमध्ये पैसे खात्यात आले की ठेवीच्या पावतीची प्रत जपून ठेवा. व्हिसाला बँकेचा उतारा देताना एकदम आलेले 7 लाख कुठून आले हे दाखवता आलं पाहिजे. शाळेचं रजेचं पत्र, दोघांची आयकर रिटर्नं, दुकानाचा परवाना तयार ठेवा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत मिळणारंच बुकिंग करा. आणि कर्जाचा भरणा सर्वांत आधी. यजमानांना कर्ज कमी झाल्याचा बँकेचा कागद दाखवा, मग तिकिटांचा विषय काढा.