माती शिकून पोट भरतं का?

वाळवा तालुक्यातल्या एका वडिलांनी लिहिलंय: "मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही आहेत. मेडिकलला जायचं नाही म्हणते, मातीवर संशोधन करायचंय. आमच्या उसाच्या रानात पांढरं फुटलं, तेव्हापासून तिनं हेच डोक्यात घेतलंय. माती शिकून पोट भरतं का?"

नमस्कार. भरतं, पण उशिरा. चार वर्षं बी.एस्सी. कृषी, दोन वर्षं एम.एस्सी., मग पीएच.डी.ची किमान तीन. तेवढा धीर घरानं धरायची तयारी आहे का, हे आधी ठरवा.

तिचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो तुमच्याच बांधावर उभा आहे. काळ्या रानाला पाणी भरपूर, निचरा नाही. खालचं पाणी वर येतं, उन्हानं उडून जातं, क्षार मागं राहतात. सामू (पीएच, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा) साडेआठच्या वर गेलेल्या चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या जमिनीला जिप्सम लागू पडतं. नुसती क्षारयुक्त असेल, तर जिप्समचा खर्च वाया; तिला निचरा हवा आणि गोड्या पाण्यानं धुवायला हवं. इथवर रसायनशास्त्राचं काम.

पुढं निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकायचे, तर उतार आणि नाल्याची पातळी कळणारा अभियंता लागतो. पाइप शेजाऱ्याच्या रानातून न्यायचा, तर शेजारी राजी हवा. नाला गावाचा, तो साफ कोण करणार? आणि पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी क्षेत्रावर, मग पाणी कमी देणाऱ्याला फायदा काय? एका शास्त्रातून हे सुटत नाही, म्हणून आता मातीच्या संशोधनात मृदशास्त्रज्ञ, अभियंते, अर्थतज्ज्ञ एकत्र बसतात. हेच काम मला फार मोलाचं वाटतं.

तरी पदवीलाच 'सगळं थोडं थोडं' शिकवणारा कोर्स घेऊ नका. आधी एक विद्या पक्की हवी. सीईटी देऊन कृषी पदवी घ्यावी (राहुरी विद्यापीठाचं कॉलेज कोल्हापुरातही आहे), मग मृदविज्ञान व कृषी रसायनशास्त्रात एम.एस्सी. गणित जास्त आवडत असेल, तर कृषी अभियांत्रिकीत मृद व जलसंधारण हा रस्ताही तितकाच चांगला. सोबत जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जमिनीची माहिती जोडायचं तंत्र) आणि थोडं अर्थशास्त्र तिनं स्वतः शिकावं. पुढं कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून नेमकं हेच काम करते, जमिनींच्या सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्युरो नागपुरात आहे, आणि बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणांवरची (दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा पिकांवरचा ताण) संस्था आहे. आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अशा संस्थांत शास्त्रज्ञ व्हायला एआरएस (कृषी संशोधन सेवा) परीक्षा असते. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. म्हणून एमपीएससीची कृषी सेवा हाताशी ठेवावी.

निकाल लागेपर्यंत एक करा. पांढरं फुटलेलं रान आणि चांगलं रान, दोन्हींचे नमुने तिलाच घेऊ द्या. आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे वीतभर खड्डे, कडेची दोन बोटं जाडीची माती, गोणपाटावर मिसळून चार वाटे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. दोन्ही पिशव्या वेगळ्या, चिठ्ठी आत. प्रयोगशाळेचा अहवाल आला की सामू आणि विद्युत वाहकता (तिच्यावरून क्षार किती ते कळतं) तिनं तुम्हाला समजावून सांगावी. त्या संध्याकाळी तिचं बोलणं नीट ऐका, आणि मग मला पुन्हा लिहा.