कॉलेजचे नियम दर वर्षी बदलालेत, आमच्या पोरीचं कोण बघणार?

मी बेळगाव भागात समुपदेशक. ॲडमिशनचे दिवस आले की माझ्यासमोर एकच वाक्य येतं, माणसं तेवढी वेगळी. कधी निपाणीचे वडील, कधी चिकोडीची मावशी, कधी वडगावातला थोरला भाऊ. "मॅडम, कॉलेजात दर वर्षी काहीतरी नवीन काढालेत, चांगल्या पोरांना झेपेना, आमच्याचं कोण बघणार?" कुणाला ऐकू कमी येतं, कुणी व्हीलचेअरवर, कुणाचा हात लिहिताना थरथरतो. आणि विचार शेवटी एकच, घरात बसवू, फार तर बाहेरून परीक्षा देऊ दे. म्हणून आज एकीचं सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि सात-आठ महिन्यांचं बोलणं दोन-तीन प्रसंगात आणलंय.

खानापूर बाजूच्या खेड्यातली बीएची पोरगी, नजर खूप कमी. बोलत होती आईच. "हिच्या वेळी चार वर्षं म्हणाले, धाकट्याचं ॲडमिशन करायला गेलो तर तीन. कुणाला विचारायचं सांगा की." आईचं खोटं नव्हतं. नवीन शिक्षण धोरण कर्नाटकानं २०२१ ला देशात सगळ्यात आधी घेतलं, चार वर्षांची डिग्री आली, आणि २०२४-२५ पासून नवीन पोरांना परत तीन वर्षं. एकाच घरात दोन पॅटर्न, शिक्षकच गोंधळलेले तिथं आईबापांचं काय.

पहिल्या दिवशी मी पण नियमच समजावत बसले. पोरगी गप्प. जाताना एवढंच म्हणाली, "मला नियमाचं काय नाही मॅडम. दर सेमिस्टरला पहिल्यापासून सांगावं लागतंय सगळं. नवीन सर आले की परत. ते अरेरे म्हणतात आणि विसरतात. मी जात नाही आता." (आमच्याकडं पोरी पण येतो-जातोच म्हणतात, तशीच ती बोलते.)

त्या वाक्यावर मी आठवडाभर विचार केला. आईची काळजी नियम बदलण्याची होती, मुलीचा थकवा स्वतःला परत परत उलगडून दाखवण्याचा. दोघींना एकच उत्तर देऊन चालणार नव्हतं.

पुढच्या वेळी कॉलेजचा विषयच काढला नाही. सहज विचारलं, स्टँडवर गाडी कशी ओळखतेस?

"विचारतो की. ही गाडी कुठली हो म्हणून."

"आणि विचारायच्या आधी सांगतेस, माझी नजर कमी आहे, लहानपणापासून असंच आहे?"

ती हसली, पहिल्यांदाच. "ते कशाला सांगायचं? सगळेच विचारतात. आमच्या आजीला चांगलं दिसतंय, खरं बोर्ड कन्नडमधला, ती पण विचारते."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडलं की हातातलं जातं, हे मी इतक्या वर्षांत शिकलेय. खाली रिक्षा, दुधाच्या गाड्या चालू होत्या आणि ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आजीत काय कमी नाही. बोर्ड तिला वाचता येईना तसला हाय. माझा पेपर पण तसलाच की मॅडम. अक्षर बारीक."

मी ज्या विचारानं काम करते तो हाच आहे, अडचण माणसात शोधायच्या आधी त्याच्या भोवतीच्या मांडणीत शोधा. खरं हे मी सांगितलं असतं तर तिनं मान डोलावली असती आणि घरी जाऊन परत तेच. तिला ते खानापूर स्टँडवर सापडलं, आपल्या आजीच्या शेजारी, म्हणून ते तिचं झालं. त्या दिवशी घरी जाताना मला फार बरं वाटलं.

मग आम्ही एक कागद केला. आजाराची कहाणी नाही, फक्त "मला काय लागतं". प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात, जादा वेळ, फळ्यावरचं आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर, आणि हेच सगळं इंटर्नल टेस्टला पण. पालक इंटर्नल विसरतात आणि मार्क तिथंच जातात. मराठीत तिनं लिहिला, मैत्रिणीनं कन्नड केलं, मग इंग्लिश. प्रिन्सिपॉलांना दिला, कॉपीवर इनवर्ड नंबर, म्हणजे पत्र मिळाल्याची ऑफिसची नोंद, घेतला. तो घ्याच, तोंडी बोलणं सर बदलले की संपतं.

ऑफिसात पहिलं उत्तर आलं, नवीन नियमात असं काही नाही. ती म्हणाली, "सर, हे सिलॅबसचं नाही, २०१६ च्या कायद्याचं आहे."

आईबापांनी हेच धरून ठेवायचं. डिग्री तीन वर्षांची होवो नाहीतर चार, अपंग व्यक्ती हक्क कायदा तिथंच आहे. त्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय, ४० टक्के आणि वर असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा आणि वयाची ५ वर्षं सूट. लेखी परीक्षेला केंद्राच्या सूचनेप्रमाणे तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, लेखनिक (सांगेल तसं पेपर लिहून देणारा) घेतला नाही तरी. लेखनिक हवा असेल तर नजर कमी असलेल्यांना जिल्हा सर्जनचा दाखला लागतो, तो परीक्षेच्या तोंडावर नको, आधी काढा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर ते पहिलं. आणि ४० च्या खाली आहे म्हणून परत पाठवलं तर सांगा, फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टानं यूपीएससीच्या एका उमेदवाराला लेखनिक दिला तेव्हा ४० टक्क्यांची अट आडवी येऊ दिली नाही.

तिला जादा तास पहिल्याच परीक्षेला मिळाला. मोठ्या अक्षराचा पेपर मात्र त्या सेमिस्टरला आला नाही, पुढच्याला आला. इंटर्नलचे प्रश्न अजून एक मॅडम हातानंच लिहून देतात, त्यासाठी दुसरं पत्र गेलंय. परवा तिचा फोन आला, कॉलेजातल्या एका मुलाचा हात थरथरतो, त्याला कागद दाखवू का म्हणून. दाखव म्हटलं, खरं त्याचा त्यालाच लिहायला लाव.