रागवायचं ते डचमध्ये

पत्र: ताई, मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर बेल्जियममध्ये, गेंटला. नवरा इथलाच, फ्लेमिश, म्हणजे डच बोलणारा. आमची आठ वर्षांची लेक मराठी अजिबात बोलत नाही. मराठीचं नाव काढलं की तोंड वाकडं करते. रोजच्या घाईत मीही तिच्याशी डचच बोलते. चिडले की मात्र मराठीत ओरडते, तेवढं तिला बरोब्बर कळतं. आई फोनवर रडते, नातीशी दोन शब्द बोलता येत नाहीत म्हणून. नवऱ्याला कशाचंच काही नाही, त्यानं मराठी शिकायचा प्रयत्नही केला नाही. जुलैत आई इथे येतेय. लेकीला ऑनलाइन मराठी वर्ग लावू, की नवऱ्याशी एकदाचं स्पष्ट बोलू?

अगं, वर्ग राहू दे आणि नवऱ्यालाही तूर्त सोड. त्यानं मराठी शिकायला हवी होती, कबूल. पण तो बिचारा मराठीत कुणावर ओरडत तरी नाही!

‘चिडले की मात्र मराठीत ओरडते.’ किती सहज लिहून गेलीस. म्हणजे जेवताना गप्पा डचमध्ये, शाळेतल्या गमती डचमध्ये, झोपतानाची पापीही डचमध्ये. आणि मराठी कधी? पसारा आवरला नाही, बूट घालायला उशीर केला, तेव्हा. मग मराठी म्हटल्यावर पोरीनं तोंड वाकडं करू नये तर काय करावं? तिला मराठी येत नाही म्हणतेस. येते की! तू शिकवलीस तेवढी चोख येते.

२००३ साली बॉस्टनमध्ये मानसशास्त्रज्ञ कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मातृभाषा तुर्की आणि इंग्रजी उशिरा शिकलेली, अशी माणसं घेतली. भावना उसळली की कातडीला नकळत घाम सुटतो, तो बोटांना यंत्र लावून मोजला. ‘लाज नाही वाटत?’ छापाची, लहानपणी ऐकलेली दटावणी तुर्कीत कानावर पडली की अंग जोरात प्रतिसाद द्यायचं. तीच इंग्रजीत ऐकली तर बरंच कमी. काहींना तर घरच्या माणसांचा आवाजच ऐकू आल्यासारखं झालं.

तुझंही तेच होतं. डचमध्ये रागावून तुझं समाधान होत नाही, म्हणून तू मराठीवर येतेस. फरक एवढाच, की त्या माणसांचे लाडही त्याच तुर्कीत झाले असणार. तुझेही मराठीत झाले. लेकीच्या वाट्याला नुसती दटावणी आली.

तुमच्याच फ्लांडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात, भाषातज्ज्ञ आनिक द हाउवर यांनी जवळपास १,९०० कुटुंबांची पाहणी केली होती. निदान एक पालक घरात डचहून वेगळी भाषा बोलत असूनही सुमारे चौथाई घरांतली मुलं ती बोलत नव्हती. तेव्हा भाषा नुसती घरात असून भागत नाही, आणि आठवड्याला तासभर वर्ग लावून तर नाहीच नाही. उलट वर्गाला बसायला नको म्हणाली की तू पुन्हा ओरडशील. कुठल्या भाषेत, ते सांगायला नको.

आजपासून रागवायचं ते डचमध्ये. अडखळशील, व्याकरण चुकेल, ती हसेल. हसू दे. अर्धा राग तिथेच जाईल. मराठी ठेवायची वेणी घालताना, कुशीत घेताना, वेडेपणा करताना. तिनं डचमध्ये उत्तर दिलं तरी तू आपली मराठीतच बोलत राहा. ‘मराठीत बोल’ म्हणायचं नाही, तेही रागावणंच झालं.

आईलाही बजाव. आल्या आल्या ‘एवढंसं मराठी येत नाही होय गं तुला?’ असं नातीला विचारायचं नाही. डोक्याला तेल लावून दे म्हणावं, पत्ते शिकव, शिरा करताना शेजारी उभी कर. आणि फोनवर नातीसमोर रडणं बंद, हे मात्र जुलैची वाट न बघता आजच सांग.