मेथी उगवते, मग मिरची, कारली आणि कोथिंबीर का उगवत नाही?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात गच्चीवरच्या कुंड्यांत मेथी चौथ्या दिवशी वर येते, पण त्याच दिवशी टाकलेल्या मिरची, कारली, कोथिंबिरीचा आठवडा उलटला तरी पत्ता नाही. आणि विचारलंय, बी बोगस असेल का? असू शकतं, पण माझा पहिला संशय पाण्यावर आहे.

आधी एक करा. कारल्याची एक बी उकरून काढा आणि चिमटीत दाबा. पचकन दबली, वास आला, तर ती कुजली. टाकली तशीच टणक असेल तर पाणी आत गेलेलंच नाही. कवच फुगून कडेला किंचित उकललं असेल तर परत पुरा आणि गप्प बसा, ती येणार आहे.

कुजण्याचं कारण बहुतेक वेळा चिखल. शेतकरी पेरणीआधी वाफसा बघतो, तो कुंडीलाही लागतो. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोटानं टोचला की फुटावा. रुजणाऱ्या बीला हवा लागते, आणि मातीतली सगळी भोकं पाण्यानं भरली की ती मिळत नाही. आपल्याकडची काळी माती नुसतीच भरली असेल तर आणखी पंचाईत: ओली असताना चिकट, वाळली की वर पापडी. मिरचीचा नाजूक कोंब ती फोडू शकत नाही. पोयट्यात (गाळाच्या मातीत) चाळलेलं, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडं धुतलेलं कोकोपीट मिसळा. पाणी झारीनं किंवा फवाऱ्यानं द्या, तांब्यानं ओतलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमते. बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोली पुरे. मिरचीवर अर्धा सेंटिमीटर माती खूप झाली.

आता एकेकाचं बघू. कारल्याचं कवच जाड असतं. टोकाकडची कड नेलकटरनं जरा कापा (आतल्या गराला लागू देऊ नका), रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, मग ओल्या फडक्यात बांधा. मिसळीच्या मटकीला मोड आणता तसंच, फक्त दिवस जास्त लागतात. पांढरं टोक दिसलं की लावा.

कोथिंबिरीसाठी धने लाटण्यानं हलकेच दाबून दोन फाकी करा. प्रत्येक फाकीत एक बी असते. भरडू नका. रात्रभर भिजवून पेरले तरी आठ ते पंधरा दिवस जातात. वाण्याकडचे धने चालतात, पण नव्या हंगामाचे मागा. भाजलेले असतील तर जन्मात उगवणार नाहीत.

मिरचीला ऊब लागते, 25 ते 30 अंश. तेवढ्यातही आठ-दहा दिवस सहज लागतात. डिसेंबरात रात्री गारठा असतो तेव्हा ट्रे घरात ठेवा. फ्रिजच्या डोक्यावर ठेवलं तरी चालतं, घरच्यांनी ऐकून घेतलं तर.

आता बोगस बियांचं. पाकिटावरची चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत वाचा. प्रमाणित मिरचीला किमान उगवण 60 टक्के लागते, टोमॅटोला 70. म्हणजे मिरचीच्या दहातल्या चार आल्या नाहीत तरी दुकानदाराशी भांडायला जागा नाही. शंका असेल तर दहा बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवा आणि किती रुजतात ते मोजा. कांद्याचं बी मात्र वर्षभरातच मार खातं, ते दरवर्षी नवीन घ्या.

जुलैत आपल्याकडे झड लागली की उघड्या गच्चीवर काही पेरूच नका. ट्रे पत्र्याखाली घ्या, पण उजेड हवा, नाहीतर रोपं लांबुळकी होऊन बुडाशी कोलमडतात. त्या मर रोगासाठी पेरताना बियांना ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची पावडर) चोळा, किलोला पाच ग्रॅम हे प्रमाण आहे, म्हणजे एका पाकिटाला चिमूटभर. पाकिटातलं बी गुलाबी रंगाचं असेल तर त्याला आधीच बुरशीनाशक लावलेलं असतं. ते भिजवू नका, सरळ पेरा आणि हात साबणानं धुवा.