वाडीचं नाव

"मावशी, मी ३४ वर्षांची, दापोली तालुक्यात आरोग्यसेविका आहे. वर्षभर धड झोप नाही. पहाटे तीनला छाती धडधडते, हात गार पडतात. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. मिस्टर म्हणतात, नोकरी आहे, मुलं गुणी आहेत, तुला कमी काय? वाडीत बोलायची सोय नाही. दर २० मार्चला बायकांना महाडला नेणारी मी, मीच खचले म्हटल्यावर लोक काय म्हणतील? फिरतीवर काही घरांत माझा कप वेगळा असतो, पण त्याची आता सवय झालीय. शेवटी चोरून मनोविकार डॉक्टरांकडे गेले. भला माणूस. त्यांनी गाव विचारलं, वाडी विचारली. राहते बौद्धवाडीत, पण तोंडातून बाजारवाडी निघालं. ते असो. दोन महिने गोळ्या घेतेय, फारसा फरक नाही. डॉक्टर बदलू का?"

'ते असो' म्हणून तू पुढे गेलीस. मी तिथेच अडकलेय.

आपल्याकडे वाडी विचारणं म्हणजे काय, हे तुला-मला कुणी शिकवायला नको. एसटीत शेजारीण आधी गाव विचारते, मग वाडी, आणि मग गप्प होते. डॉक्टरांनी केसपेपरपुरतं विचारलं असेल, पण भला माणूस म्हणून मी त्यांना सोडणार नाही. कोकणात दवाखाना चालवणाऱ्याला या प्रश्नाचं वजन कळायलाच हवं. उत्तर देताना तू थबकली असशील. ते त्यांना का दिसलं नाही?

आता त्या एका शब्दाने काय केलं बघ. बाजारवाडीच्या बाईला कुठला आलाय वेगळा कप? म्हणजे कपाबद्दल बोलायची वाटच बंद. बाळंतिणीला तू तिच्या माजघरात जाऊन तपासतेस, बाळाची बेंबी बघतेस, बाळ हातात घेऊन वजन करतेस. चहा मात्र पडवीत येतो, वळचणीला पालथ्या ठेवलेल्या कपातून. पिऊन झाला की तूच तो विसळतेस आणि परत पालथा घालतेस. याची सवय झाली, यावर माझा विश्वास नाही. दिवसा गिळलेलं पहाटे तीनला वर येतंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात त्या बाजारवाडीच्या, उगाच घाबरणाऱ्या बाईला. तुझी आणि त्यांची अजून गाठच पडलेली नाही.

मिस्टरांना सांग, 'तुला कमी काय' हे बाईलाच विचारलं जातं. पुरुषाची झोप उडाली तर अख्खं घर हळू आवाजात बोलतं.

आणि महाडचं म्हणशील, तर १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या माणसांना परतताना मारहाण झाली होती. त्यातल्या कुणाला नंतर रात्री झोप लागली नसेल, तर ती माणसं कमी धीराची होती का? मग तुझ्यासाठीच हा नियम कुणी केला? वाडी लपवलीस याचीही लाज बाळगू नकोस गं. तीन पिढ्यांनी जे सोसलं, त्यातून आलेली ती सावधगिरी आहे.

पण आता ती मोड. गोळ्या बंद करू नकोस, आणि डॉक्टर इतक्यात बदलू नकोस. पुढच्या तारखेला खुर्चीत बसल्या बसल्या सांग, "डॉक्टर, मी बौद्धवाडीची. मागे खोटं सांगितलं." मग कपाचं सांग, पडवीपासून विसळण्यापर्यंत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने जात, धर्म, लिंग यांवरून उपचारात भेदभाव करता येत नाही, आणि तू सांगितलेलं गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ऐकून त्यांचा चेहरा बदललाच, तर सरळ ऊठ आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जा. लोक त्या नावाला हसतात, हसू देत.

तोवर पहाटे जाग आली तर १४४१६ लाव. टेली-मानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलतात. वाडीचं नाव मोठ्याने घ्यायचा सराव तिथेच कर.

कपाचं काय करायचं ते पुढे बघू, तो तुझ्या एकटीचा प्रश्नच नाही. आधी तुला झोप लागू दे. तारीख कधीची आहे? मला कळव.

– मावशी