अंडर-१७ ची पोरं जिंकली, मग मोठा संघ कधी?

तुमचा प्रश्न असा आहे: नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या अंडर-१७ मुलांनी अहमदाबादला इराणला २-१ ने हरवून आशियाई स्पर्धा गाठली, तर दहा वर्षांत आपला सीनियर संघही वर येईल का? आणि राष्ट्रीय संघाची ‘ओळख’ म्हणतात ती रक्तात असते की शिकवता येते?

मी मिरजेचा. शाळेत असताना खेळलो, आणि गेली बरीच वर्षं संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवतो. त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे.

आधी इराणचंच बोलू, कारण हे पूर्वी एकदा घडून गेलंय. १९७४ साली बँकॉकला आशियाई युवा स्पर्धेच्या फायनलमध्ये भारत आणि इराण २-२ असे बरोबरीत सुटले आणि दोघंही संयुक्त विजेते ठरले. शब्बीर अली आपले कर्णधार होते. त्यानंतर चारच वर्षांनी, १९७८ मध्ये, इराणचा मोठा संघ अर्जेंटिनात वर्ल्डकप खेळला. आपण आजवर वर्ल्डकपचा एकही सामना खेळलेलो नाही. कप दोघांनी मिळून उचलला होता. पोरं घरी परतल्यावर दोन्हीकडे काय झालं, तिथे खरा फरक आहे.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट. काही वर्षांपूर्वी चौदा वर्षांखालच्या संघात माझ्याकडे एक मुलगा होता. मिसरूड फुटलेलं, उंची जवळपास माझ्याएवढी. आमचा डाव एकच. बॅकने लांब किक मारायची, त्याने पळत जाऊन बॉल छातीवर घ्यायचा. समोरचा बॅक जेमतेम त्याच्या खांद्याला लागायचा. तालुक्याला जिंकलो, जिल्ह्याला जिंकलो. त्याच संघात एक हडकुळा पोरगा होता. बॉल पायात यायच्या आधी तो मान वळवून मागे कोण आहे ते बघून घ्यायचा. ही सवय मोठमोठ्या खेळाडूंना लावताना घाम फुटतो, त्याला ती आपसूक होती. फायनलला मी त्याला शेवटची पाच-सहा मिनिटं खेळवलं, तेही आम्ही दोन गोलनं पुढे होतो म्हणून.

अठराव्या वर्षापर्यंत बाकीची पोरंही उंच झाली. त्या मोठ्या मुलाला लांब बॉलमागे पळण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं, कारण मी शिकवलंच नव्हतं. हडकुळा तोवर खेळ सोडून कामाला लागला होता. ती ट्रॉफी अजून कपाटात आहे आणि ती बघितली की मला त्या दोघांची आठवण येते. दोघांचंही मी नुकसान केलं.

जगातल्या युवा स्पर्धांमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर होतं. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच वयोगटात मोजला जातो, आणि चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांत अंगात केवढी ताकद येते ते कुणाही आईला विचारा. त्यात खोट्या दाखल्यांची भर. म्हणून फिफाने २००९ च्या अंडर-१७ वर्ल्डकपपासून मनगटाचं एमआरआय सुरू केलं. हाडाची वाढ पूर्ण झाली आहे का, ते त्यात दिसतं. आपल्याकडे शालेय स्पर्धांत दाखल्यावरून होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

नायजेरियाने अंडर-१७ वर्ल्डकप पाच वेळा जिंकला: १९८५, १९९३, २००७, २०१३, २०१५. इतका कुणीच जिंकलेला नाही. त्यांचा सीनियर संघ वर्ल्डकपमध्ये शेवटच्या सोळांच्या पुढे कधी गेला नाही, २०२२ आणि २०२६ ला तर पात्रही ठरला नाही. त्या यशातून काहीच उरलं नाही असं मात्र नाही. १९९३ च्या पोरांतला कानू १९९६ ला ऑलिंपिक सुवर्णपदक घेऊन आला. उलट स्पेनच्या मुलांनी अंडर-१७ वर्ल्डकप एकदाही जिंकलेला नाही, चार वेळा फायनल हरले. आणि गेल्या वीस वर्षांत मोठ्यांच्या मैदानावर स्पेन कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे.

आता जी गोष्ट मी माझ्या पोरांना दरवर्षी सांगतो, ती. ऑगस्ट २०१८. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया भागात कोटिफ नावाची वीस वर्षांखालच्यांची स्पर्धा होते. तिथे आपल्या पोरांनी अर्जेंटिनाला २-१ ने हरवलं. चौथ्या मिनिटाला दीपक टांगरीचा गोल, उत्तरार्धात अन्वर अलीची फ्री किक, आणि शेवटचा बराच वेळ आपले दहाच खेळाडू मैदानात. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. त्या रात्री मोबाईलवर निकाल बघून मला झोप लागली नव्हती.

त्या दिवशी अर्जेंटिनाच्या बाकावर कोण होतं? लिओनेल स्कालोनी, आणि सोबत पाब्लो आयमार. आपल्याकडून हरूनही त्यांनी पुढे ती स्पर्धा जिंकली. त्याच महिन्यात स्कालोनीकडे सीनियर संघ हंगामी म्हणून सोपवला गेला. मग २०२१ ची कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा), २०२२ चा वर्ल्डकप, २०२४ ला पुन्हा कोपा. माणूस तोच. त्याच काळात आपल्या सीनियर संघाला कॉन्स्टंटाइन, स्टिमाच, मार्केझ आणि आता खालिद जमील असे चार प्रशिक्षक झाले. एकाचा भर सरळ लांब बॉलवर, दुसऱ्याला छोटे पास हवे. ज्या पोरांनी अर्जेंटिनाला हरवलं, ती वरच्या वर्गात गेली तेव्हा दरवेळी मास्तर नवे आणि पुस्तकही नवं. त्यातली बरीच पोरं इंडियन ॲरोज या संघातून एकत्र खेळत होती, तो संघही २०२२ ला बंद झाला.

स्कालोनी आकाशातून पडलेला नव्हता. १९९४ साली होजे पेकरमन या माणसाच्या हाती अर्जेंटिनाचे युवा संघ आले. दुखापतीने खेळ सुटल्यावर त्याने काही काळ टॅक्सी चालवली होती. गैरवर्तनामुळे अर्जेंटिनाच्या पोरांवर तेव्हा बंदी येऊन गेलेली. पेकरमनने १९९५, १९९७ आणि २००१ असे तीन युवा, म्हणजे वीस वर्षांखालचे, वर्ल्डकप जिंकले. १९९७ च्या संघात स्कालोनी होता, आयमार होता, वॉल्टर सॅम्युएल होता. २०२२ ला वर्ल्डकप जिंकताना हे तिघंही बाकावर होते. पेकरमनकडे शिकलेली पोरं पंचवीस वर्षांनी शिकवणारी झाली होती. मधल्या काळात, १९९३ ते २०२१, अर्जेंटिनाच्या सीनियर संघाने एकही मोठा कप जिंकला नाही, मेस्सी असूनही. म्हणजे युवा यशाचं फळ यायला दहा वर्षं पुरतीलच असं नाही.

‘ओळख’ रक्तात असते का, यावर मी मिरजेतून एक उदाहरण देतो. शास्त्रीय गाण्यातल्या किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मूळ उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे. ते मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली गेले, त्यांची कबर इथे मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि उरुसात तिथे अजूनही गाणं होतं. घराण्याला नाव कैरान्याचं. ते पुढे नेलं खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्वांनी, ते कुंदगोळचे. त्यांचे शिष्य गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी, दोघं धारवाडकडचे. ना गाव एक, ना मातृभाषा एक. तरी जाणकार दोन आलापांत सांगतो की हे किराणा. एकेका सुराला वेळ देत बढत करायची रीत ही तालमीतून आली आहे, कुणाच्या जन्मदाखल्यातून नाही. आणि आपल्या भागात हा शब्द दोन्हीकडे चालतो: गवयाची तालीम, आणि पैलवानांची तालीम. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघच तालमींच्या नावाने आहेत, पाटाकडील तालीम मंडळासारखे.

म्हणून मोरोक्को बघा. २०२२ च्या वर्ल्डकपमध्ये उपांत्य फेरी गाठणारा तो पहिला आफ्रिकी संघ. त्यांच्या २६ खेळाडूंपैकी १४ मोरोक्कोच्या बाहेर जन्मलेले. हकिमी माद्रिदचा, झियेश नेदरलँड्सचा, गोलकीपर बुनू कॅनडात जन्मलेला. आणि एन-नेसिरी, उनाही, अगेर्द त्यांच्याच देशातल्या मोहम्मद सहावा अकादमीतून आलेले. बाहेरची आणि घरची पोरं एका शिस्तीत बसवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या वीस वर्षांखालच्या पोरांनी चिलीत फायनलला अर्जेंटिनाला २-० ने हरवून वर्ल्डकप घेतला. ज्यांना वाटतं की परक्या मातीत वाढलेल्यांना आपल्या जर्सीची किंमत नसते, त्यांनी हे सामने बघावेत.

स्पेनची ओळखही अशीच माणसांमधून पुढे गेली. लुईस दे ला फुएन्तेने २०१५ ला अंडर-१९ आणि २०१९ ला अंडर-२१ युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) जिंकला, २०२२ च्या अखेरीस सीनियर संघ त्याच्याकडे आला आणि २०२४ चा युरो त्याने जिंकला. रोद्री, मेरिनो, उनाई सिमोन ही त्याची २०१५ चीच पोरं. फायनलचा विजयी गोल करणारा ओयार्झाबाल २०१९ च्या संघातला. त्याच फायनलला खेळलेल्या लामिन यमालने मात्र आदल्याच दिवशी सतरा वर्षं पूर्ण केली होती. तो या साखळीत बाहेरून आला, पण आत येऊन बसल्यावर त्याला काय करायचं हे सांगणारे आजूबाजूला दहा जण होते.

एक उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातं, तेही सांगायला हवं. पोर्तुगालने १९८९ आणि १९९१ चे युवा वर्ल्डकप कार्लुस कैरोश या प्रशिक्षकासह जिंकले. १९९१ च्या संघात फिगो, रुई कोस्टा. कैरोशलाच लगेच सीनियर संघ दिला गेला. तरी १९९४ ला पात्र ठरले नाहीत, १९९८ लाही नाही. म्हणजे माणूस वर नेला की काम झालं असं होत नाही. पोरं तेव्हा विशीतली होती, त्यांना वेळ लागला. घाईने फळ तोडलं तर ते तुरटच लागणार.

आपल्याकडे ओळख कधी नव्हतीच, असं लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो. सय्यद अब्दुल रहीम १९५० पासून संघाचे प्रशिक्षक होते. १९५१ ला आशियाई सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, तिथे मुंबईच्या नेव्हिल डिसूझाची ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून पुन्हा सुवर्ण. १९६३ मध्ये कर्करोगाने रहीमसाहेब गेले. बारा-तेरा वर्षं एकाच माणसाच्या डोक्यात जे होतं, ते कागदावर आणि दुसऱ्या चार प्रशिक्षकांच्या हातात उतरवण्याची व्यवस्था कुणी केली नाही. गवई गेला आणि शिष्य तयार नव्हते.

आता तुमच्या दहा वर्षांकडे. इराणला हरवणाऱ्या पोरांचे प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस. २०१८ ला आपला अंडर-१६ संघ आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, दक्षिण कोरियाकडून ०-१ ने हरला आणि पुढच्या वर्ल्डकपचं दार एका गोलाने बंद झालं. त्या संघाचे प्रशिक्षकही तेच होते. खालच्या वर्गात आपल्याकडे एक मास्तर टिकून आहे, ही मला त्या २-१ पेक्षा मोठी बातमी वाटते. ही पोरं अंडर-२० आणि अंडर-२३ मध्ये जातील तेव्हा तिथला प्रशिक्षक याच पद्धतीने खेळवणार आहे का, हे भारतीय फुटबॉल महासंघाने आज ठरवलं तर दहा-पंधरा वर्षांत आपला संघ आशियातल्या पहिल्या दहांत दिसू शकतो, असं मी मनापासून मानतो. नाही ठरवलं, तर १९७४ आहेच.

तुम्ही पुढचा युवा सामना बघाल तेव्हा एक करा. आपण ०-१ ने मागे असताना, शेवटच्या दहा मिनिटांत, गोलकीपर काय करतो ते बघा. पहिल्या दहा मिनिटांत तो जसा जवळच्या बॅकला बॉल देत होता, तसाच देतोय का? की बाकावरून कुणीतरी ओरडतंय, “मार पुढे”?

माझ्या मैदानावर ते ओरडणं मी बंद केलंय. गेल्या पावसाळ्यात चिखलात आमची तेरा वर्षांखालची पोरं ०-४ ने हरली. चारपैकी दोन गोल आमच्याच गोलकीपरने बॅकला दिलेल्या पासवर झाले. एका मुलाचे वडील मैदानाच्या कडेला येऊन म्हणाले, “सर, निदान चिखलात तरी लांब मारू द्या की पोरांना.” मी त्यांना त्या दोन मुलांची गोष्ट सांगितली. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण सोमवारी पोरगं सरावाला आलं होतं.