बंदरावरचा पहिला दिवस: निवांत फिरायचं असेल तर

पहिल्याच क्रूझला निघालात, छान! बंदरावरच्या दिवसाची यादी मात्र छोटी ठेवा. कागदावर आठ तास दिसतात, पण उतरणं, तपासणी, परतीची रांग यांत बरेच जातात. जुन्या शहरात एक फेरफटका आणि पाण्याकाठी सावकाश जेवण, एवढं पुरे.

सगळ्यात जास्त जपायचं ते घड्याळ. जहाजाची आणि शहराची वेळ कधीकधी वेगळी असते, आणि मोबाइल आपोआप शहराची वेळ धरतो. म्हणून साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा. शिवाय जहाज सुटायची नव्हे, परत चढायची वेळ पाठ करा. ती साधारण 30 ते 60 मिनिटं आधीची असते. जहाजाकडूनच घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- जहाज लांब नांगरलं असेल तर किनाऱ्यावरून शेवटची छोटी बोट किती वाजताची, हे विचारत नाहीत.
- जहाजावर मिळणाऱ्या रोजच्या पत्रकातला बंदरावरच्या एजंटचा (जहाज चुकलं तर मदत करणाऱ्या माणसाचा) नंबर कागदावर उतरवून घेत नाहीत.
- दार उघडताच रांगेत घुसतात. तासभर आरामात नाश्ता करा, गर्दी ओसरते.

लांबचं ठिकाण आधी उरका, धक्क्याजवळचं शेवटी ठेवा. जहाजाचं कार्ड आणि ओळखपत्र आतल्या खिशात असू द्या.